जोडलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आपोआप कसा लोड होतो, आणि झाला नाही तर कुठे पाहावे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आर्डुइनो उनोचा (इलेक्ट्रॉनिक प्रयोगांसाठीच्या लहानशा प्रोग्राम करता येणाऱ्या संगणकाचा) जो स्वस्त बोर्ड मिळतो, त्यावर संगणकाशी बोलण्यासाठी बहुधा सीएच३४० नावाची चिप बसवलेली असते. हा बोर्ड लिनक्स चालणाऱ्या लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडला, की एक-दोन सेकंदांत /डेव्ह/टीटीवाययूएसबी० हे नाव तयार होते आणि कामाला सुरुवात करता येते. ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, शोधावा लागत नाही, की संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. या एक-दोन सेकंदांत आत काय घडते ते एकदा नीट समजून घेतले, तर ज्या दिवशी ते घडत नाही त्या दिवशी हाताशी येईल ती कमांड चालवून पाहण्याची पाळी येत नाही. ड्रायव्हर आपोआप लोड होणे ही पाच-सहा कड्यांची साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासता येते. हा लेख ती तपासणी शिकवण्यासाठी आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. येथे कमांड, फाईलींची नावे आणि पडद्यावरचे संदेश देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकावीत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान लिपीतील अक्षरे वापरावीत. ज्या कमांडच्या स्पेलिंगविषयी शंका येऊ शकते, तिची अक्षरे पहिल्या उल्लेखाच्या वेळी सुटी करून सांगितली आहेत.

मॉड्यूल म्हणजे काय

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, मूळ कोडमध्ये निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत. हे सगळे ड्रायव्हर एकाच फाईलमध्ये कोंबले, तर प्रत्येक संगणकाला आपल्याकडे नसलेल्या हजारो उपकरणांचे ओझे मेमरीत वाहावे लागेल. म्हणून बहुतेक ड्रायव्हर सुट्या फाईलींच्या रूपात ठेवले जातात आणि गरज पडेल तेव्हाच चालू कर्नलमध्ये जोडले जातात. अशा सुट्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. ही सोय १९९५ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीपासून आहे. सुरुवातीला मॉड्यूल हाताने लोड करावे लागत. पुढे केर्नेल्डी नावाचा एक प्रोग्राम पार्श्वभूमीवर राहून हे काम करू लागला, २.२ आवृत्तीत त्याची जागा कर्नलच्या स्वतःच्या यंत्रणेने घेतली, आणि २००३ मध्ये यूडेव्ह आल्यानंतर आजची पद्धत हळूहळू रूढ झाली.

आपल्या संगणकावरची मॉड्यूल पाहण्यासाठी आधी 'यूनेम -आर' (यू-एन-ए-एम-ई) ही कमांड द्यावी. ती चालू कर्नलची नेमकी आवृत्ती छापते. त्याच नावाची डिरेक्टरी /लिब/मॉड्यूल्स/ येथे असते आणि तिच्यात .केओ या शेपटीच्या फाईली असतात. अलीकडे त्या बऱ्याचदा दाबून ठेवलेल्या असल्यामुळे शेवटी .एक्सझेड किंवा .झेडएसटी असेही दिसते. ही आवृत्ती आणि ही डिरेक्टरी यांची जुळणी ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका मोठ्या घोळाचे मूळ याच जुळणीत सापडणार आहे.

'एलएसमॉड' (एल-एस-एम-ओ-डी) ही कमांड सध्या लोड असलेली मॉड्यूल दाखवते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात बाइटमधील आकार, तिसऱ्यात किती जण ते वापरत आहेत तो आकडा आणि त्यापुढे वापरणाऱ्या मॉड्यूलांची नावे असतात. एखादा ड्रायव्हर या यादीत नाही म्हणजे तो कर्नलमध्येच नाही, असे मात्र समजू नये. काही ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य फाईलमध्येच बांधलेले असतात आणि ते एलएसमॉडमध्ये कधीही दिसत नाहीत. त्यांची यादी वरच्याच डिरेक्टरीत मॉड्यूल्स.बिल्टिन या फाईलमध्ये मिळते. नवखे लोक येथे हमखास फसतात आणि अस्तित्वात असलेल्या ड्रायव्हरचा शोध घेत बसतात.

साखळी कशी चालते

यूएसबी आणि पीसीआय या दोन्ही बसवर, म्हणजे उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या मार्गांवर, प्रत्येक उपकरण स्वतःची ओळख स्वतः सांगते. त्या ओळखीतले दोन क्रमांक सर्वांत महत्त्वाचे: एक उत्पादकाचा आणि एक उत्पादनाचा. आपल्या बोर्डवरच्या चिपचे हे क्रमांक १ए८६ आणि ७५२३ आहेत. ते षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात, म्हणून अंकांच्या मध्ये 'ए' हे अक्षर दिसते. बसचा ड्रायव्हर हे क्रमांक वाचतो आणि कर्नल त्यांत उपकरणाचा वर्ग, उपवर्ग वगैरे माहिती घालून एक सलग ओळ तयार करतो. आपल्या चिपसाठी ती ओळ 'यूएसबी:व्ही१ए८६पी७५२३' अशी सुरू होते. 'व्ही'नंतर उत्पादक, 'पी'नंतर उत्पादन, आणि त्यापुढे आवृत्ती व वर्ग यांचे आकडे. या ओळीला मॉडएलियस म्हणतात. पीसीआय कार्डाची ओळ 'पीसीआय:' या शब्दाने सुरू होते आणि तिच्यातले क्रमांक आठ-आठ अंकी असतात, परंतु कल्पना तीच.

आता कर्नल एक निरोप बाहेर सोडतो: नवे उपकरण आले आहे, त्याचा मॉडएलियस असा आहे. या निरोपाला यूइव्हेंट म्हणतात. तो ऐकण्यासाठी यूडेव्ह हा प्रोग्राम सतत कान लावून बसलेला असतो. आजच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार संचांत, तो सिस्टमडीचा (संगणक सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामसंचाचा) भाग आहे. यूडेव्हच्या नियमांमध्ये ८०-ड्रायव्हर्स.रूल्स नावाची एक लहानशी फाईल असते आणि तिच्यातील मुख्य नियमाचा अर्थ एवढाच आहे, की निरोपात मॉडएलियस असेल तर तो घेऊन त्याला साजेसे मॉड्यूल लोड करावे. कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लागतो हे यूडेव्हला स्वतःला ठाऊक नसते.

ते ठाऊक असते ड्रायव्हर लिहिणाऱ्याला. प्रत्येक ड्रायव्हरच्या कोडमध्ये, आपण कोणती उपकरणे सांभाळतो त्यांच्या क्रमांकांचा तक्ता दिलेला असतो आणि मॉड्यूल तयार होताना तो तक्ता मॉड्यूलच्या फाईलमध्येच उतरतो. कर्नल बसवला जातो त्या वेळी 'डेपमॉड' (डी-ई-पी-एम-ओ-डी) ही कमांड सगळ्या मॉड्यूलांतले तक्ते वाचून मॉड्यूल्स.एलियस ही एकत्रित सूची बनवते. तिच्यात एका बाजूला मॉडएलियसचा साचा आणि दुसऱ्या बाजूला मॉड्यूलचे नाव असते. साच्यात जेथे कोणतीही किंमत चालते तेथे तारका असते. आपल्या चिपचा साचा उत्पादक आणि उत्पादन हे दोनच क्रमांक पक्के ठेवतो, बाकी सर्वत्र तारका ठेवतो, आणि त्यापुढे नाव असते सीएच३४१. म्हणजे चिपचे नाव सीएच३४० असले तरी मॉड्यूलचे नाव सीएच३४१ आहे. नावावरून ड्रायव्हर शोधणाऱ्याची वाट येथेच चुकते. क्रमांकावरून शोधणाऱ्याची चुकत नाही.

सीएच३४१ एकट्याने चालत नाही. त्याला यूएसबीसिरीयल हे दुसरे मॉड्यूल लागते. कोणाला कोण लागतो याची नोंद डेपमॉडनेच बनवलेल्या मॉड्यूल्स.डेप या फाईलमध्ये असते, त्यामुळे आधी यूएसबीसिरीयल आणि मग सीएच३४१ असा क्रम आपोआप पाळला जातो. मॉड्यूल लोड झाले, की ते आपला तक्ता कर्नलपुढे मांडते, कर्नल तो जोडलेल्या उपकरणाशी ताडून पाहतो आणि जुळल्यास ड्रायव्हरला उपकरणाची चाचणी घ्यायला सांगतो. ही चाचणी यशस्वी झाली, तरच ड्रायव्हर उपकरणाला बांधला गेला असे म्हणता येते. मॉड्यूल लोड होणे आणि ड्रायव्हर बांधला जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. हा फरक मनात पक्का बसला, की निम्मे गोंधळ सुटतात.

येथे एक प्रश्न रास्त आहे. संगणक सुरू होताना कर्नल बहुतेक उपकरणे यूडेव्ह जागा होण्यापूर्वीच ओळखतो. मग त्या वेळचे निरोप कोण ऐकतो? उत्तर असे, की यूडेव्ह सुरू झाल्यावर कर्नलला ते सगळे निरोप पुन्हा सोडायला लावले जातात. लॅपटॉपच्या आतल्या वाय-फाय कार्डाचा किंवा साउंड कार्डाचा ड्रायव्हर असाच, दुसऱ्यांदा आलेल्या निरोपावर लोड होतो.

प्रत्यक्ष पाहणे

आता हे सगळे डोळ्यांनी पाहावे. दोन टर्मिनल उघडावीत आणि बोर्ड अजून जोडू नये. पहिल्यात 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' ही कमांड द्यावी; 'सुडो' म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. ती कर्नलचे संदेश येतील तसे दाखवत राहते. दुसऱ्यात 'यूडेव्हॲडम मॉनिटर --कर्नल --यूडेव्ह --प्रॉपर्टी' (पहिला शब्द यू-डी-ई-व्ही-ए-डी-एम) ही कमांड द्यावी. मग बोर्ड जोडावा.

पहिल्या टर्मिनलमध्ये सर्वप्रथम नवे यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ येते. तिच्या सुरुवातीला 'यूएसबी १-२' असा काहीसा पत्ता असतो. त्याचा अर्थ पहिल्या बसवरचे दुसरे पोर्ट. पुढच्या ओळीत 'आयडीव्हेंडर=१ए८६, आयडीप्रॉडक्ट=७५२३' हे क्रमांक दिसतात. त्यानंतर यूएसबीसिरीयलची नोंद झाल्याचे, मग सीएच३४१ची नोंद झाल्याचे, आणि शेवटी 'सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०' असे संदेश येतात. वर वर्णन केलेली सगळी साखळी या सात-आठ ओळींत क्रमाने उमटलेली असते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच घटनांचे निरोप दिसतात आणि त्यांत मोठ्या लिपीत 'मॉडएलियस=' या शब्दाने सुरू होणारी ओळ असते. ती वहीत किंवा फाईलमध्ये उतरवून ठेवावी.

ही ओळ नंतरही मिळू शकते. पत्ता १-२ असेल तर 'कॅट /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस/१-२:१.०/मॉडएलियस' ही कमांड ती छापते. येथे 'सिस' म्हणजे एस-वाय-एस. शेवटचे ':१.०' विसरू नये, कारण यूएसबीमध्ये ड्रायव्हर सहसा उपकरणाच्या एका इंटरफेसला बांधला जातो आणि १.० हा त्या इंटरफेसचा क्रमांक आहे.

आता साखळीतली सर्वांत उपयोगी चाचणी. 'मॉडप्रोब -आर' (एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई, आणि आर मोठ्या लिपीतील) असे लिहून पुढे ती मॉडएलियसची ओळ अवतरणचिन्हांत द्यावी. उत्तर म्हणून सीएच३४१ हे नाव आले पाहिजे. ही कमांड काहीही लोड करत नाही, फक्त सूचीत शोधून नाव सांगते, त्यामुळे ती निर्धास्तपणे चालवता येते. येथे एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते: लहान लिपीतील '-आर' या पर्यायाचा अर्थ मॉड्यूल काढून टाकणे असा आहे. एका अक्षराच्या लिपीने अर्थ उलटा होतो, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

त्या दुसऱ्या अर्थाचाही एकदा प्रयोग करावा. 'सुडो मॉडप्रोब -आर सीएच३४१', या वेळी लहान लिपीत, ही कमांड दिली की टीटीवाययूएसबी० नाहीसे होते. मॉड्यूल वापरात आहे असा संदेश आला, तर आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये पोर्ट उघडे राहिलेले असते. ते बंद करावे. मग बोर्डची केबल काढून पुन्हा जोडावी. मॉड्यूल परत लोड झालेले दिसेल, आणि या वेळी ते आपण केले नाही हेही स्पष्ट दिसेल.

'मॉडइन्फो सीएच३४१' ही कमांड त्या मॉड्यूलची फाईल कुठे आहे, ते कोणावर अवलंबून आहे आणि त्याच्या तक्त्यात कोणकोणते साचे आहेत, हे दाखवते. पीसीआय कार्डांसाठी याहून सोपा मार्ग आहे: 'एलएसपीसीआय -एनएनके'. ती प्रत्येक कार्डाचे नाव, कंसात दोन्ही क्रमांक, सध्या बांधलेला ड्रायव्हर आणि त्या कार्डाला चालू शकणारी मॉड्यूल एकत्र दाखवते. कितीतरी मदरबोर्डांवर असलेल्या रिअलटेक नेटवर्क चिपचे क्रमांक १०ईसी:८१६८ असतात आणि तिच्यापुढे आर८१६९ हे मॉड्यूल दिसते. 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ आहे, परंतु 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, असे दिसले तर ड्रायव्हर उपलब्ध आहे पण बांधला गेलेला नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

काम अडले तर

डीएमईएसजीमध्ये एकही नवी ओळ आली नाही, तर ड्रायव्हरचा विचारच करू नये. उपकरण संगणकापर्यंत पोहोचलेलेच नाही. घरात पडून असलेल्या मोबाइलच्या केबलींपैकी काहींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दुसरी केबल आणि दुसरे पोर्ट आधी वापरून पाहावे.

क्रमांक दिसले, पण मॉडप्रोबच्या मोठ्या आर-ने काहीच नाव दिले नाही, तर चालू कर्नलच्या सूचीत या उपकरणाचा ड्रायव्हर नाही. उपकरण कर्नलपेक्षा नवे असू शकते, किंवा वितरणाने तो ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेला असू शकतो. परंतु त्याआधी यूनेमने सांगितलेली आवृत्ती आणि /लिब/मॉड्यूल्स/ मधील डिरेक्टरी यांची जुळणी पाहावी. आर्चसारख्या काही वितरणांत कर्नल अद्ययावत केला, की जुन्या आवृत्तीची मॉड्यूल डिस्कवरून काढून टाकली जातात, आणि संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत मेमरीत मात्र जुनाच कर्नल चालत असतो. त्या अवधीत जी मॉड्यूल आधीच लोड झालेली असतात ती बिनतक्रार चालतात, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. आणि अचानक पेनड्राइव्ह उघडत नाही, कारण त्यासाठी लागणारे व्हीफॅट हे मॉड्यूल लोड करायला गेले तर त्याची डिरेक्टरीच जागेवर नसते. उपाय एवढाच, की संगणक पुन्हा सुरू करावा. पेनड्राइव्ह खराब झाला असे समजून तो फॉरमॅट करण्याची घाई कोणी करू नये; आतली माहिती शाबूत असते.

सूचीत नाव आहे, तरीही मॉड्यूल लोड होत नाही, तर कोणीतरी त्याला मज्जाव केलेला असण्याची शक्यता मोठी. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ आणि /यूएसआर/लिब/मॉडप्रोब.डी/ येथील .कॉन्फ फाईलींमध्ये 'ब्लॅकलिस्ट' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणारे लोक 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' (नूव्हो हा त्याच कार्डांचा कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर) अशी ओळ लिहितात, ती याच जागी. या ओळीचा नेमका अर्थ मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. ती फक्त मॉडएलियसवरून होणारे लोडिंग थांबवते. तेच मॉड्यूल नावाने मागितले किंवा दुसऱ्या मॉड्यूलला लागले, तर ते तरीही लोड होते. संपूर्ण बंदी हवी असेल, तर 'इन्स्टॉल' हा शब्द, मॉड्यूलचे नाव आणि /बिन/फॉल्स अशी ओळ लिहावी. त्यामुळे मॉडप्रोबकडून ते मॉड्यूल लोडच होऊ शकत नाही.

मॉड्यूल लोड झाले आणि तरीही उपकरण चालत नाही, अशा वेळी डीएमईएसजीमध्ये 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. अनेक वाय-फाय आणि ग्राफिक्स चिपांना ड्रायव्हरखेरीज स्वतःच्या आत चालणारा वेगळा प्रोग्राम लागतो आणि तो /लिब/फर्मवेअर/ येथून दिला जातो. तो सापडला नाही की 'एरर -२' असा संदेश येतो. उणे दोन याचा अर्थ ती फाईल अस्तित्वात नाही. वितरणाचे फर्मवेअरचे पॅकेज बसवावे.

आपल्या बोर्डच्या बाबतीत आणखी एक अडचण विशेष सांगण्यासारखी आहे. २०२२ च्या उबुंटू २२.०४ वर अनेकांना असे दिसले, की टीटीवाययूएसबी० क्षणभर तयार होते आणि लगेच नाहीसे होते. डीएमईएसजीमध्ये त्या जागी 'बीआरएलटीटीवाय' हे नाव दिसते. हा दृष्टिहीन व्यक्तींसाठी ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम आहे. एका ब्रेल उपकरणात हीच सीएच३४० चिप असते, त्यामुळे १ए८६ आणि ७५२३ हे क्रमांक दिसताच यूडेव्हचा एक नियम या प्रोग्रामला जागे करतो आणि तो इंटरफेस सीएच३४१कडून आपल्याकडे घेतो. येथे साखळीची मूळची मर्यादा उघड होते: हे क्रमांक चिपचे असतात, ती ज्या वस्तूत बसवली आहे त्या वस्तूचे नसतात. संगणक फक्त आपणच वापरत असू, तर ते पॅकेज काढून टाकता येते, किंवा ८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स या नियमाला /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/ मध्ये त्याच नावाची, /डेव्ह/नल कडे बोट दाखवणारी सिमलिंक करून निष्प्रभ करता येते. महाविद्यालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या सामाईक संगणकावर मात्र, कोणा दृष्टिहीन विद्यार्थ्याला ब्रेल डिस्प्ले लागतो का हे विचारल्याशिवाय असे करू नये.

टीटीवाययूएसबी० आहे, पण उघडताना परवानगी नाकारली जाते, हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. उबुंटू, डेबियन आणि फेडोरावर आपले वापरकर्तानाव 'डायलआउट' या गटात, तर आर्चवर 'यूयूसीपी' या गटात असावे लागते. 'सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट' (दुसरा शब्द यू-एस-ई-आर-एम-ओ-डी, 'ए' लहान, 'जी' मोठ्या लिपीतील) आणि पुढे वापरकर्तानाव अशी कमांड द्यावी, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे. त्यातला 'ए' कधीही गाळू नये. तो गाळला तर आपण बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतो, आणि त्यांत सुडो वापरण्याचा गटही असू शकतो.

राहिली सिक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त स्वाक्षरी असलेला कोड चालू देणाऱ्या सोयीची, अडचण. सिक्युअर बूट चालू असताना बहुतेक वितरणांचा कर्नल स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल स्वीकारत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर देतो. वितरणासोबत आलेल्या मॉड्यूलांवर स्वाक्षरी असतेच. अडचण येते ती बाहेरून आणून आपल्याच संगणकावर तयार केलेल्या मॉड्यूलांची. उबुंटूसारखे वितरण अशा वेळी एक किल्ली बनवते, तिच्यासाठी पासवर्ड विचारते, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ती किल्ली नोंदवण्याची विचारणा होते. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला तर किल्ली नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर चालत नाही. सिक्युअर बूट बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. किल्ली नोंदवण्याचे काम दोन मिनिटांचे असताना संरक्षणच काढून टाकणे मला योग्य वाटत नाही.

जी उपकरणे स्वतःची ओळख सांगत नाहीत

ही सगळी साखळी उपकरण स्वतःची ओळख सांगते या गृहीतावर उभी आहे. आय-टू-सी बसवर जोडलेला तापमानाचा सेन्सर असे काही सांगत नाही. रास्पबेरी पायसारख्या बोर्डांवर ही उणीव डिव्हाइस ट्री भरून काढते: कोणते उपकरण कुठे आहे याचे लिखित वर्णन कर्नलला सुरुवातीलाच दिले जाते आणि त्यातून मॉडएलियस बनतो. काही मॉड्यूल मात्र कोणत्याच उपकरणाशी बांधलेली नसतात. आय-टू-सी बस आपल्या प्रोग्रामसाठी खुली करणारे आयटूसी-डेव्ह हे त्यांतले एक. त्यासाठी /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी/ येथे .कॉन्फ या शेपटीची एक फाईल करावी आणि तिच्यात मॉड्यूलचे नुसते नाव लिहावे. संगणक सुरू होताना सिस्टमडी ते लोड करतो. नावातील आडवी रेघ आणि खालची रेघ यांत मॉडप्रोब फरक करत नाही, म्हणून एलएसमॉडमध्ये तेच नाव खालच्या रेघेने दिसले तर बिचकू नये. मॉड्यूलला काही पर्याय द्यायचे असतील, तर ते मात्र या फाईलमध्ये चालत नाहीत. त्यांची जागा मॉडप्रोब.डी मध्ये 'ऑप्शन्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आहे.

ज्या डिस्कवर सगळी मॉड्यूल ठेवलेली आहेत, ती डिस्क वाचण्याचा ड्रायव्हरही मॉड्यूलच असेल तर काय? त्यासाठी इनिटरॅमएफएस नावाची लहानशी फाईलप्रणाली कर्नलसोबतच मेमरीत आणली जाते आणि सुरुवातीला लागणारी मॉड्यूल तिच्यात असतात. तिच्यात मॉडप्रोब.डी मधील नियमांचीही प्रत असते. म्हणूनच 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' लिहूनही नूव्हो लोड होत राहते: मूळ फाईल बदलली, पण प्रत जुनीच राहिली. डेबियन आणि उबुंटूवर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', फेडोरावर 'सुडो ड्रॅकट -एफ', आणि आर्चवर 'सुडो एमके-इनिट-सीपीआयओ -पी' (हे नाव सलग लिहावे, आणि शेवटचा पी मोठ्या लिपीत) या कमांडने ती प्रत नव्याने तयार होते.

दुसऱ्या एका वाटेनेही मॉड्यूल आपोआप लोड होतात, आणि तिचा उपकरणांशी संबंध नसतो. एखाद्या प्रोग्रामने अनोळखी फाईलप्रणाली किंवा अनोळखी नेटवर्क प्रोटोकॉल मागितला, तर कर्नल स्वतःच मॉडप्रोबला बोलावतो. मघाच्या पेनड्राइव्हचे व्हीफॅट याच वाटेने येते. सोय चांगली आहे, पण तिची किंमत २०१७ मध्ये दिसली. डीसीसीपी या क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलच्या मॉड्यूलमध्ये जुना दोष सापडला, आणि साधा वापरकर्ताही त्या प्रोटोकॉलचे सॉकेट मागून ते मॉड्यूल लोड करवू शकत होता. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी न लागणारे प्रोटोकॉल 'इन्स्टॉल' ओळीने बंद करावेत. याहून कडक उपाय म्हणजे, लागणारी सर्व मॉड्यूल लोड झाल्यावर 'कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड' ही किंमत १ करणे. त्यानंतर एकही मॉड्यूल लोड होत नाही आणि संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ही किंमत मागे घेता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर हे करू नये.

इतके करूनही ड्रायव्हर लोड होत नसेल, तर जाणकाराला विचारताना चार गोष्टी सोबत द्याव्यात: यूनेमने दिलेली आवृत्ती, उपकरणाचे दोन्ही क्रमांक, मोठ्या आर-च्या मॉडप्रोबचे उत्तर, आणि उपकरण जोडल्याच्या क्षणापासूनच्या डीएमईएसजीच्या सर्व ओळी, मधली एकही न गाळता.